दोन दुखणी, एक आजार

एरवी या सदरातून मी वाचकांना तेलपाण्याच्या, ब्रेकच्या आणि बॅटरीच्या चार गोष्टी सांगत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांची आज्ञा झाली, "या वेळी जरा घरगुती लिहा." गेल्या वर्षी आमच्याकडे घर आणि मोटार अशी दोन्ही प्रकरणे एकदमच बिघडली होती. तेव्हा दोन्ही बाजू सांभाळून तीच हकिकत सांगतो. तीत माझी स्वतःची थोडी फजिती आहे. पण फराळाबरोबर दुसऱ्याची फजिती गोड लागते, असा माझा अनुभव आहे.

माझी थोरली बहीण छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत राहते. आमचे दाजी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि आमचे गाव स्कूटरवर बसले. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि 'ऑक्टेव्हिया' ही परदेशी वळणाची गाडी इथल्या माणसांना माहेरवाशिणीसारखी वाटू लागली. पुढे २००४ साली तिची 'आरएस' नावाची तापट बहीण भारतात आली. १.८ लिटरचे इंजिन, त्याला टर्बोची जोड आणि दीडशे अश्वशक्ती! काटेकोर माणसे स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची बुटकी गाडी असे मानतात. ही दिसायला चारचौघींसारखी संसारी होती, पण पेट्रोलवर पाय दिला की तिचे खरे रूप कळे. दाजींनी ती सेकंडहँड घेतली आणि बारा वर्षे पोटच्या पोरीसारखी सांभाळली.

दाजी गेले आणि गाडी भाच्याकडे आली. भाचा हुशार आहे, निर्व्यसनी आहे, संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. पण तरुण माणसाच्या हातात जुनी गाडी आली की तिला 'सुधारायचे' वेड त्याला लागतेच. त्याने एका गॅरेजात नेऊन गाडी दोन इंच खाली बसवली, म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या. सोळा इंची चाके काढून अठरा इंची चकचकीत चाके लावली. त्यांवरचे टायर इतके चपटे, की चाकाला रबराची बांगडी भरल्यासारखे दिसावे. गाडी दिसू लागली खरी झोकदार. गल्लीतली मुले थांबून पाहत.

ताईला कमरेचे जुने दुखणे आहे. नव्या थाटाच्या गाडीतून ती एकदाच बाहेर पडली. सिडकोतून जालना रोडने क्रांती चौकापर्यंत मुलाच्या गाडीतून गेली आणि येताना रिक्षाने आली. रिक्षाने! ज्या वाहनात शहाणासुरता माणूस देवाचे नाव घेऊन बसतो, ते तिला मुलाच्या गाडीपेक्षा मऊ वाटले.

घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "ही त्यांची गाडी नाही."

मुलाच्या मनाला ते लागले. बापाची आठवण म्हणून आपण गाडीवर पैसा ओतला आणि आईला त्याचे काहीच नाही, असे त्याने मनात घेतले. मायलेकरांत भांडण झाले नाही, पण गाडीचा विषय निघाला की दोघे गप्प होऊ लागली. भांडणापेक्षा हे वाईट. शेवटी ताईने मला फोन केला.

"अरे, तू जन्मभर एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्यास ना? मग एकदा येऊन याची गाडी बघ. भाऊबीजेला मला वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जायचंय, आणि ते त्याच्याच गाडीतून."

मी चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. पाटे, अॅक्सल आणि शॉकअप यांच्यात माझी हयात गेली. बहिणीचा शब्द मोडवेना. नवरात्र संपताच मी संभाजीनगरला जाऊन दाखल झालो.

भाच्याने स्वागत केले, पण त्याच्या चेहऱ्यावर 'लाल डब्याच्या माणसाला स्पोर्ट्स गाडीतलं काय कळणार' हा भाव मला स्वच्छ दिसला.

"मामा, स्पोर्ट्स गाडी कडकच असते," तो म्हणाला. "रस्त्याला चिकटून चालायची तर थोडे हादरे बसायचेच."

"चिकटून चालते का?" मी विचारले.

यावर तो जरा घुटमळला. मग खरे बोलला. गाडी खाली बसवल्यापासून वळणावर ती पूर्वीसारखी वळत नाही. स्टिअरिंग वळवले तरी नाक सरळ जाऊ पाहते आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते. याला मोटारीच्या भाषेत 'अंडरस्टिअर' म्हणतात. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, अशा गाडीत हा स्वभाव थोडासा असतोच. तो बनवणारे मुद्दामच ठेवतात, कारण घाबरलेल्या माणसाने पेट्रोलवरचा पाय उचलला की नाक आपोआप आत येते. पण थोडा स्वभाव वेगळा आणि दुर्गुण वेगळा.

तर रोग्याच्या दोन तक्रारी: एक, हादरे फार, दोन, वळायला नाखूश. भाच्याच्या मते या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली सोसायची आणि दुसरीसाठी आणखी रुंद टायर आणि पुढे आणखी कडक स्प्रिंग घ्यायची. म्हणजे पोटदुखीवर लंघन करण्याऐवजी आणखी चार लाडू खावेत तसे.

मी त्याच्या शेजारी बसून सिडकोत दोन फेऱ्या मारल्या. हादऱ्याचे निदान करताना डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. मला दोन आवाज ऐकू आले. बारीक खडीवर, डांबराच्या सांध्यांवर एक सतत 'खडखड' होत होती. आणि गतिरोधकावर किंवा खड्ड्यात एक बोजड 'धप्प' असा दणका बसत होता. खडखड बहुधा टायरमधून येते. म्हणून आधी हवा तपासली. पेट्रोलच्या झाकणामागे एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात किती हवा भरावी ते लिहिलेले असते. भाच्याच्या टायरमध्ये त्याहून आठ पौंड जास्त हवा होती. चपटा टायर खड्ड्यात फुटू नये म्हणून कुणीतरी त्याला तसा सल्ला दिला होता. मी टायर थंड असताना तक्त्याप्रमाणे हवा केली. खडखड निम्मी झाली.

मग घरात ठेवलेली दाजींच्या वेळची चाके काढून लावून पाहिली. हिशेब सोपा आहे. जुन्या टायरवर २०५/५५ असे छापलेले होते. याचा अर्थ रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. नवा टायर २२५/४० होता, म्हणजे भिंत अवघी ९० मिलिमीटर. हवेची उशी २३ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ इंचभर कमी झाली होती. जुनी चाके लावताच खडखड जवळपास गेली. 'धप्प' मात्र होता तसाच राहिला.

इथेच मी थांबायला नको होते. पण भाचा खूश झाला, ताईच्या हातचा गरम चहा समोर आला आणि मी ऐटीत जाहीर करून टाकले, "बरी झाली गाडी. राहिलेला दणका कडक स्प्रिंगांचा. त्याला इलाज नाही." वाचकहो, रोग्याला अर्धे बरे वाटले की डॉक्टरला पुरते बरे वाटते. माझी फजिती हीच.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालो. नगर नाक्यावरून मिटमिटा, शरणापूर मागे टाकले, देवगिरीचा किल्ला उजाडला, मग घाट. चढताना गाडी झकास चालली. दर्शन झाले. परतताना टोपलीभर सीताफळे घेतली. दिवस सीताफळांचेच होते. ताईला ती फार आवडतात.

घाट उतरताना भाचा काही वेडावाकडा वेग घेत नव्हता. काटा पन्नासच्या आतच होता. एका डाव्या वळणावर ऐन मध्यावर डांबराचे उंचवट्यासारखे एक ठिगळ होते. त्यावरून पुढचे चाक गेले, 'धप्प' झाला, आणि त्याच क्षणी गाडी वळायची थांबली. स्टिअरिंग डावीकडे, गाडी सरळ! आपल्याकडे डाव्या वळणावर सरळ जाणे म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या वाटेत जाणे. समोरून मोटारसायकलवर एक जोडपे येत होते, दोघांच्या मध्ये लहान मूल. भाच्याने पेट्रोलवरचा पाय काढला, नाक आत आले. मोटारसायकल रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली आणि आमच्या शेजारून निघून गेली. त्या माणसाने शिवी दिली असती तर बरे वाटले असते. त्याने नुसते पाहिले.

किल्ल्यापाशी येऊन भाच्याने गाडी बाजूला घेतली. त्याचे हात थरथरत होते. माझेही. डिकीत सीताफळांचा लगदा झाला होता. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "मामा, आई गाडीत असती तर?"

मी काय उत्तर देणार? 'बरी झाली' हा दाखला मीच दिला होता.

पण त्या एका दणक्याने माझे कान उघडले. तो 'धप्प' मी ओळखला. एसटीच्या गाडीला पाट्यांच्या वर, चेसिसला एक रबरी ठोकळा असतो. यात्रेच्या दिवसांत साठ माणसांच्या गाडीत नव्वद बसली की पाटे सरळ होतात आणि अॅक्सल थेट त्या ठोकळ्यावर आपटू लागतो. मग पाटे असून नसल्यासारखे. त्या वेळी जो आवाज येतो तो मी वर्षानुवर्षे ऐकलेला. स्पोर्ट्स गाडीची जात वेगळी समजून मी तो ओळखला नव्हता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी गाडी एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याच्याकडे जमिनीत खणलेला पिट होता, म्हणून मुद्दाम नेली. भाचा म्हणाला, "पण ज्यांनी स्प्रिंगा घातल्या, त्यांच्याकडे हायड्रॉलिक लिफ्ट आहे. त्यांनी उचलून नीट तपासली होती की." त्यातच तर सारी मेख होती! लिफ्टवर गाडी उचलली की चाके खाली लोंबतात, शॉकअप लांब होतो आणि सारे काही सुरळीत दिसते. लिफ्टवरची गाडी म्हणजे पलंगावर निजलेला रोगी. तो लंगडतो कुठे हे त्याला पायांवर उभा केल्याशिवाय कळत नाही. पिटावर गाडी आपल्या पायांवर उभी असते.

मिस्त्री कंदिलाएवढा दिवा घेऊन खाली उतरला. पुढचे चाक पूर्ण वळवून आम्ही शॉकअपवरची धुळीची टोपी वर सारली. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक बंप-रबर ओवलेला असतो. चाक फारच वर आले तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून ही शेवटची गादी. मोठ्या खड्ड्यात क्वचित ती टेकावी, हे बनवणाऱ्याने धरलेलेच असते. इथे गाडी शांत उभी होती, आत माणूस नव्हता, आणि तरी ते रबर शॉकअपच्या माथ्यावर टेकून दबलेले होते. खालच्या कडेला त्याचे तुकडे पडले होते. दोन इंच खाली बसवताना चाकाला वर यायला जी जागा होती तीच खर्ची पडली होती. भाच्याची गाडी स्प्रिंगांवर चालत नव्हतीच. ती रबराच्या दोन बुचांवर चालत होती.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. चाकाला खालून धरणारा जो दांडा असतो, त्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकाहून वर चढले होते. ही पुढची रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कंपनीच्या कॉन्सल आणि झेफर गाड्यांतून ती लोकांपुढे आली आणि आज असंख्य घरगुती गाड्यांत आहे. स्वस्त, सुटसुटीत, पण तिचे एक पथ्य आहे: तिला फार खाली बसवू नये. दांडा असा उलटा तिरपा झाला की वळणावर गाडी जास्त कलू पाहते आणि बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट राहण्याऐवजी कडेवर उभा राहतो. म्हणजे एकीकडे कल वाढला आणि दुसरीकडे कल सोसायला जागा उरली नाही.

"हादऱ्याचं समजलं," भाचा म्हणाला. "पण वळत का नाही?"

मी त्याला हमालांचे उदाहरण दिले. समजा दोन हमालांनी मिळून ऐंशी किलोचे ओझे न्यायचे आहे. दोघांवर चाळीस-चाळीस टाका, दोघेही ठाम पावले टाकतील. एकावर सत्तर आणि दुसऱ्यावर दहा टाका. ओझे तेवढेच, पण सत्तरवाला पाय घसरून पडेल आणि दहावाल्याची ताकद फुकट जाईल. पुढच्या दोन टायरांचे असेच आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आतल्या चाकावरचे थोडे वजन बाहेरच्या चाकावर जाते. टायरवर वजन दुप्पट झाले तर त्याची पकड काही दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे वजन जितके एका चाकावर लोटावे, तितकी दोघांची मिळून पकड घटते. आता पुढे आणि मागे, यांपैकी जी बाजू कलायला जास्त विरोध करते, तिच्या वाट्याला या लोटालोटीचा मोठा भाग येतो. भाच्याच्या गाडीत मागच्या स्प्रिंगांना हलायला थोडी जागा शिल्लक होती. पुढे रबर पुरते दबून दगड झाला होता. म्हणून ठिगळावर चाक उचलले जाताच पुढच्या बाहेरच्या टायरवर एकदम भार आला, त्याची पकड सुटली आणि नाक सरळ निघाले.

दोन दुखणी आणि आजार एकच: चाकाला हलायला जागा नाही.

गाडी कडक म्हणजे पकड घट्ट, ही समजूत जुनी आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ओली नावाचे इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेले. त्यांनी एका गाडीवर वजने पुढे-मागे सरकवता येतील अशी सोय केली आणि तीत बसून कोणत्या स्प्रिंगांनी माणसाला कसे हादरे बसतात याचा कसून अभ्यास केला. तोवर पुढच्या स्प्रिंगा मागच्याहून कडक ठेवण्याची रीत होती. ओलींना आढळले की त्या मागच्याहून नरम हव्यात, तरच गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलत नाही. १९३४च्या मॉडेलांत त्या कंपनीने पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र केली, त्यामागे हाच विचार होता. आणि स्पोर्ट्स गाडीचेच नाव घ्यायचे, तर १९६२ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'एलान' ही चिमुकली गाडी काढली. वळणावरच्या चपळाईसाठी तिचे नाव आजही जाणकार घेतात, आणि तिच्या स्प्रिंगा नरम होत्या! खड्ड्यात चाक वरखाली होऊन रस्ता धरून राहते, तेव्हाच टायरला पकड मिळते. जे चाक उडते ते काय धरणार?

भाच्याने निमूटपणे विचारले, "मग आता काय करायचं?"

"मूळच्या स्प्रिंगा कुठे आहेत?"

त्या भंगारात गेल्या असणार, असे तो म्हणाला. नवीन मागवाव्या लागतील, आणि भाऊबीज आठ दिवसांवर. घरी येऊन ताईला सारे सांगितले. घाटातली गोष्ट मात्र मी गाळणार होतो; ती भाच्यानेच सांगितली, एक शब्द न लपवता. ताई ऐकत राहिली. मग उठली, आतल्या खोलीतल्या माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते पोतं काढ."

जुन्या गोणपाटात गुंडाळलेल्या चारही स्प्रिंगा तिथे होत्या. भंगारवाला आला तेव्हा तिने त्या दिल्या नव्हत्या. "त्यांच्या गाडीच्या आहेत, म्हणून ठेवल्या," ती म्हणाली. "कशाला लागतात ते मला काय ठाऊक."

मिस्त्रीने दोन दिवसांत काम केले. मूळच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवी बंप-रबरे. मग चाकांचे अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. पण या वेळी मी नुसत्या कानांवर विसंबलो नाही. दोन्ही पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर आम्ही प्लास्टिकचा एकेक बारीक पट्टा, वायरी बांधतात तसला, बेताचा आवळून खाली सरकवून ठेवला. गाडी चालली की शॉकअप दबताना तो पट्टा वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. चाक जास्तीत जास्त किती वर आले याची ती साक्ष. त्याच घाटातून, त्याच ठिगळावरून, बेताच्या वेगाने आम्ही गाडी नेऊन आणली. ठिगळावर ऊंss असे झाले आणि गाडी वळणावरच राहिली. खाली येऊन पाहिले, पट्टा रबराच्या अलीकडे बोटभर थांबला होता.

भाच्याला अठरा इंची चाकांचा मोह सुटेना. मी त्याला म्हटले, चाके तू विक किंवा ठेव, पण एक लक्षात घे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की गाडीत असा फेरफार करता येत नाही, ज्याने नोंदणीपुस्तकात असलेला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल. हौसेलाही परवानगीची हद्द असते. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. चाके विकली गेली. त्या पैशांतून शॉकअपचा खर्च बराचसा निघाला.

भाऊबीजेला ओवाळणी झाली आणि आम्ही तिघे वेरूळला निघालो. ताई पुढे बसली, मी मागे. संभाजीनगरहून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर, पण मला तो प्रवास लांब वाटला. पहिल्या गतिरोधकावर भाच्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. ताईने दाराची मूठ घट्ट धरली होती. गाडी वर गेली, खाली आली. दुसऱ्या गतिरोधकापाशी तिने मूठ सोडली. घाट सुरू झाला तेव्हा भाचा मुद्दाम काहीतरी बोलत होता, रस्त्याचे, किल्ल्याचे, हवेचे. ताईकडून उत्तर आले नाही. मी वाकून पाहिले तर तिला झोप लागली होती. ती कागजीपुरा मागे पडल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "आलं का रे वेरूळ?"

भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त वेग आणखी थोडा कमी केला.

आता सदराच्या रिवाजाप्रमाणे कामाच्या चार गोष्टी. दिवाळीत गावी निघण्यापूर्वी टायर थंड असताना तक्त्याप्रमाणे हवा भरा. माणसे आणि सामान जास्त असेल तर त्याच तक्त्यात त्याचाही आकडा असतो. बारीक खडखड आणि बोजड दणका हे दोन आवाज वेगळे ओळखा. पहिला आला तर टायरकडे पाहा, दुसरा आला तर शॉकअपच्या टोपीखाली. तपासताना गाडी तिच्या चाकांवर उभी असू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. आणि अर्धा गुण आल्यावर 'बरी झाली' असे म्हणू नका. ते मी म्हणून पाहिले आहे.

दाजींच्या स्प्रिंगा ज्यात होत्या ते गोणपाट ताईने परत घडी करून माळ्यावर ठेवले आहे. आखूड स्प्रिंगा आता त्यात आहेत. "असू दे," ती म्हणाली, "पोरानं हौसेनं घेतल्या होत्या."

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. सावकाश जा, सुखरूप या.